दमानं मास्तरांची थप्पी

गावात गाडी चालवणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना क्षणभर अडखळतो. बाहेरून आलेल्याला हे जरा विचित्र वाटतं. गावकऱ्यांना वाटत नाही, कारण सगळे एकाच माणसाकडे शिकलेले आहेत. गाडी शिकवायची गावातली एकुलती एक शाळा त्यांची, शाळेची एकुलती एक गाडी त्यांची, आणि त्या गाडीत शेजारी बसून सारखं ‘दमानं, दमानं’ म्हणणारेही तेच. त्यांचं खरं नाव काय ते आता कोणाला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा टपाल हातात देताना ‘घ्या, दमानं मास्तर’ असं म्हणतो आणि मास्तर ते निमूट घेतात.

मास्तरांच्या घरात या नावाचा उच्चार होत नसे, पण ते नाव पहिल्यांदा ठेवलं कोणी याबद्दल मास्तरीणबाईंवर संशय घ्यायला जागा होती. लग्नाला हो म्हणायला मास्तरांनी इतका वेळ घेतला होता की बाईंच्या वडिलांनी दुसरीकडे चौकशी सुरू केली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं म्हणतात. इथे नवरीकडची मंडळी ताटकळली होती आणि नवरदेव विचार करत होते. बाई अजूनही सांगतात, “मला यांनी सरपणासारखं थप्पीत लावून ठेवलं होतं. वाळले, मग उचललं.”

ही थप्पीची उपमा उगीच आलेली नाही. गाव उंचावरचं, थंडी कडाक्याची. घरोघरी बैठकीच्या खोलीत लोखंडी शेगडी असते, तिला काचेचं दार, आणि वर छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. तेव्हा सरपण सगळ्यांनाच लागतं. पण बाकीचे लोक सरपण आणतात आणि जाळतात. मास्तर सरपण आणत, फोडत, रचत, झाकत, उघडत, वाजवत, आणि मग दोन उन्हाळे गेल्यावर, फार मोठ्या मनानं, थोडंसं जाळत.

दोन उन्हाळे हा त्यांचा कायदा होता. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं पाणीच असतं, असं ते सांगत. ते शेगडीत घातलं की आग आधी ते पाणी उकळत बसते, आणि तिचा जो काही जीव उरेल तेवढीच ऊब माणसाच्या वाट्याला येते. लाकूड चुरचुरतं, टोकातून फेस काढतं, खोली धुरानं भरते, काच काळी होते. धुराड्याला आतून डांबरासारखी काजळी धरते आणि एखाद्या दिवशी धुराडंच पेट घेतं. वाळलेलं लाकूड मात्र हाताला हलकं लागतं. त्याच्या टोकांना भेगा पडतात, साल आपण होऊन सुटते. आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठण्ण असा आवाज येतो. ओलं लाकूड थप करतं. मास्तर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून निकाल द्यायचे, आणि तो निकाल बहुतेक वेळा ‘अजून एक उन्हाळा’ असाच असायचा.

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण त्यांच्यासमोर कोणी वापरली की ते कासावीस होत. ज्यानं ही म्हण केली त्यानं जन्मात कधी शेगडी पेटवलेली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सुक्याबरोबर ओलं जळत नाही, ते रुसून बसतं आणि सुक्यालाही विझवतं. शेजारचा औषधवाला एकदा गमतीनं म्हणाला की मास्तर, म्हणीवर इतकं काय रागावता. मास्तर त्याला त्याच्याच घरी घेऊन गेले, त्याचं धुराडं खालून ठोकलं, आणि पडलेल्या काजळीनं त्याची सतरंजी काळी करून परत आले. औषधवाल्याच्या बायकोनं त्यानंतर बरेच दिवस मास्तरांकडे बघितलंही नाही. पण त्या वर्षीपासून त्यांच्याकडेही थप्पी लागली, आणि त्यांच्या भिंती पांढऱ्या राहू लागल्या, हेही खरं.

हीच रीत मास्तरांनी शाळेत चालवली. शिकणारा त्यांच्या लेखी ओलाच असायचा. तो महिनोन्‌महिने दुसऱ्या गिअरमध्ये बाजारपेठेतून फिरायचा, आणि भाजीवाल्या त्याला हाका मारून पुढे निघून जायच्या. मग एक दिवस मास्तर त्याला परीक्षेच्या ऑफिसात घेऊन जात. साहेब गाडीत बसले की मास्तर खाली उतरत, बॉनेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत, क्षणभर कान देत, जसं काही आतून उत्तर येणार आहे, आणि म्हणत, “जा.” एवढंच. गावात असं सांगतात की ज्याच्या बॉनेटवर मास्तरांनी टकटक केली तो कधी नापास झाला नाही.

आणि तरीही दिव्याखाली अंधार होताच. ज्या माणसानं सगळ्या गावाला गाडी शिकवली त्याच्या बायकोकडे लायसन्स नव्हतं.

बाई शिकत नव्हत्या असं नाही. लेक शाळेत होती तेव्हापासून बाई शिकत होत्या. लेक कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन डोंगरापलीकडच्या शहरात गेली, आणि बाई अजून दुसऱ्या गिअरमध्येच होत्या. त्यांचा शिकाऊ परवाना इतक्या वेळा नवा झाला होता की ऑफिसातला कारकून त्यांना दरवर्षी तब्येत विचारायचा. दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा नेम होता. शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जास्तीचा ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. मास्तरांचा उजवा पाय त्यावर कायम ठेवलेला असे. बाई इकडून वेग देत आणि मास्तर तिकडून ब्रेक दाबत, त्यामुळे कोणाचं ऐकावं हे बिचाऱ्या गाडीला कधी समजलं नाही.

बाई घरी पडदे शिवतात. शिवलेले पडदे लोकांच्या घरी नेऊन टांगून द्यावे लागतात, आणि पडद्यांचे गठ्ठे काही काखेत मावत नाहीत. म्हणजे मास्तरांच्या सवडीची वाट बघणं आलं. मास्तर येत, खिडकीखाली गाडी उभी करत, आणि बाई आत शिडीवर चढलेल्या असताना बाहेरून ‘दमानं’ म्हणत. बाईंना गाडी येते की नाही हा प्रश्नच नव्हता. त्यांना हात-पाय-डोळे यांचं गणित मशीनवर बसून पक्कं जमलेलं होतं. प्रश्न होता तो मास्तरांनी हो म्हणण्याचा. परस्पर जाऊन परीक्षा देता आली असती, पण साऱ्या गावाच्या बॉनेटवर टकटक करणाऱ्या माणसाला वगळून आपण पास व्हायचं, हे बाईंना पटत नव्हतं. विचारलं की मास्तर आभाळाकडे बघून म्हणत, “एक उन्हाळा जाऊ दे.”

घराच्या मागे, भिंतीला लागून, दोन थप्प्या होत्या. एक रोजची. दुसरी थोरली. थोरली थप्पी सफरचंदाच्या लाकडाची होती. लेक लहानपणी ज्या झाडाला झोका बांधायची ते अंगणातलं झाड तिच्या लग्नाच्या वर्षीच वादळात पडलं. मास्तरांनी ते स्वतः फोडलं, आणि अशी थप्पी लावली की बघणाऱ्यानं मान डोलवावी. मधे हवा खेळायला जागा, माथ्यावर पावसाचं पाणी निथळावं म्हणून सालीकडची बाजू वर करून लावलेले तुकडे, आणि त्यावर जुन्या गाडीचं ताडपत्रीचं टप. दोन उन्हाळे केव्हाच होऊन गेले होते. लाकूड ठणठणीत वाजत होतं. पण मास्तर त्याला हात लावू देत नसत. ते खऱ्या थंडीसाठी आहे, असं ते सांगत. नळ गोठले, बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली, बाई दोन स्वेटर घालून मशीनवर बसू लागल्या, तरी मास्तर खिडकीतून बाहेर बघून म्हणत की ही कसली थंडी.

मास्तरांचं तोंड दुधानं कधीच पोळलं नव्हतं, तरी ते जन्मभर ताक फुंकून पीत आले होते. बाईंना हे कळत होतं आणि त्या हसण्यावारी नेत होत्या. पण लेकीला दिवस गेले तेव्हा हसणं जरा कमी झालं. लेकीनं फोनवर विचारलं होतं, वेळ आली की येशील ना लगेच. बाईंनी येईन म्हटलं होतं. मग फोन ठेवून त्यांनी मास्तरांना सांगितलं की या वेळी मला माझी मी जायची सोय हवी आहे, तुमच्या शिकणाऱ्यांच्या वेळा बघत बसायला ती पोरगी थांबणार नाही. मास्तर म्हणाले, हा हिवाळा जाऊ दे, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

“तुमची खरी थंडी आणि माझं लायसन्स एकाच दिवशी येणार आहेत,” बाई म्हणाल्या. “आणि त्या दिवशी आपण दोघंही नसू.”

मास्तर बाहेर जाऊन थप्पीवरचं टप नीट करून आले.

लेकीला शेवटचा महिना लागायच्या आत दोघं एकदा तिच्याकडे जाऊन आले. गाडी अर्थात मास्तरांनीच चालवली. लेकीच्या घरी जावयानं मोठ्या हौसेनं नवी शेगडी बसवून घेतली होती आणि वखारीतून ताजं लाकूड आणून खोलीत रचलं होतं. पाहुणे यायचे म्हणून त्यानं सकाळपासून शेगडी पेटवून ठेवली होती. शेगडीनं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. लाकूड आत बसून चुरचुरत होतं, काचेतून काही दिसत नव्हतं, धुराड्याच्या सांध्यातून एक तपकिरी ओघळ खाली आला होता. जावई फुंकून फुंकून लाल झाला होता. लेक पोटावर हात ठेवून खिडकी उघडून उभी होती, म्हणजे होती नव्हती ती ऊबही बाहेर.

मास्तरांनी जावयाला काही म्हटलं नाही. बाईंना त्याचंच आश्चर्य वाटलं. औषधवाल्याची सतरंजी काळी करणारा माणूस इथे चहा पिऊन गप्प बसला होता, आणि त्याची नजर आतल्या खोलीतल्या रिकाम्या पाळण्याकडे जात होती. परतताना संबंध घाटभर ते बोलले नाहीत. ‘दमानं’सुद्धा म्हणाले नाहीत, पण ते स्वतःच चालवत होते, तेव्हा म्हणणार कोणाला.

पुढच्या रविवारी बाई तयार होऊन गाडीपाशी उभ्या राहिल्या, तर मास्तरांचा पत्ता नाही. मग घरामागून धडधड आवाज आला, त्यामागून मास्तरांचा आवाज आला, आणि बाई धावल्या. थोरली थप्पी अर्धी कोसळली होती. मास्तर जमिनीवर बसून उजवं पाऊल दोन्ही हातांनी धरून होते, आणि त्या पावलावर आदळलेला सफरचंदाचा ओंडका बाजूला पडला होता.

झालं होतं ते असं. थप्पी वरून काढायची असते, हे मास्तरांनी आजवर साऱ्या गावाला बजावलं होतं. पण वरचे तुकडे त्यांनी असे बेतून बसवले होते की ते हलवायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी माथा तसाच ठेवून खालून एक ओंडका ओढला. मग आणखी एक. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती, कारण आपल्या सरपणाच्या माथ्यावर इतकं प्रेम दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

हाडाला तडा गेला होता. डॉक्टरही मास्तरांकडेच शिकलेले. त्यांनी प्लास्टर घातलं आणि निरोप देताना म्हणाले, “दमानं पाय टाका, मास्तर.” बाईंनी तोंड फिरवलं, कारण त्यांना हसू आवरेना. घरी आल्यावर मात्र त्या रागावल्या. मास्तरांना शेगडीजवळ खुर्चीत बसवलं, पाय उशीवर ठेवला आणि विचारलं की थप्पी कशाला उकरायला गेला होता. इतकी वर्षं हात लावू दिला नाही, आता काय खरी थंडी आली?

मास्तर काचेतल्या जाळाकडे बघत म्हणाले, “बाळाच्या खोलीत धूर नको.”

बाईंनी आणखी दहा प्रश्न तयार ठेवले होते. ते सगळे तिथेच राहिले. या माणसाचा त्यांना जितका राग यायचा तितकीच त्याची मायाही वाटायची, आणि आज दोन्ही एकदम आलं. त्या घरामागे गेल्या. कोसळलेलं लाकूड त्यांनी एकेक करून उचललं, दोन-दोन तुकडे वाजवून बघितले, आणि गाडीची डिकी भरायला घेतली. डिकी भरल्यावर मागची सीटही भरली. खिडकीतून मास्तर हातवारे करून विचारत होते की एवढ्यात कशाला, ते नेणार कोण. बाईंनी तिकडे बघितलं नाही. आधी भरून ठेवावं, नेणाऱ्याचा प्रश्न नंतर बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

तो प्रश्न फार लवकर आला. दोनच दिवसांनी सकाळी जावयाचा फोन आला. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि तो तिला दवाखान्यात घेऊन निघाला होता. मागून लेकीचा आवाज ऐकू आला, आई निघाली का विचार.

बस दुपारी. भाड्याच्या गाडीवाल्याची गाडी गॅरेजमध्ये. औषधवाला नेमका गावाला गेलेला. मास्तर खुर्चीत बसून म्हणाले की थांब, बघू काहीतरी. बाईंनी स्वेटर चढवला आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

“तुम्ही शेजारी बसा,” त्या म्हणाल्या. “लायसन्स तुमचं, पाय माझे.”

मास्तरांनी तोंड उघडलं. प्लास्टरकडे बघितलं. आणि मिटलं.

शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवाला बसला पाहिजे, एवढं झालं की कायद्याचं काम भागतं. पण लायसन्सवाल्याचा उजवा पाय पांढऱ्या ओंडक्यासारखा पुढे पसरलेला होता, आणि जास्तीचा ब्रेक त्याच्या बाजूला, कोणाच्याच पायाखाली न येता, मोकळा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाण्याची टाकी आली तेव्हा बाईंचे हात सवयीनं वळायला लागले. त्यांनी ते सरळ केले आणि टाकी मागे गेली.

घाटात रस्ता ओला होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुरत चढत होती आणि मागून प्रत्येक खड्ड्याला सफरचंदाचं लाकूड ठणठण वाजत होतं. मास्तर एक हात दारावर आणि एक हात सीटखाली धरून बसले होते. दमानं म्हणायचं त्यांनी सोडलं नव्हतं, पण आवाज बारीक झाला होता आणि तो बाईंना उद्देशून होता की स्वतःला, हे सांगता येत नव्हतं.

एका वळणापलीकडे दगडांनी भरलेला ट्रॅक्टर रस्त्यातच बंद पडून उभा होता. मास्तरांनी तो बघितला आणि त्यांचं प्लास्टर ताडकन पुढे गेलं. ते ब्रेकवर नाही, गाडीच्या पत्र्यावर आपटलं, आणि त्यांच्या पायातून कळ निघाली. पण गाडी त्याआधीच थांबली होती. ट्रॅक्टरच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्याच्या आपल्या बाजूला, अगदी सावकाश. मागचं लाकूडसुद्धा फारसं हललं नव्हतं. बाईंनी आरशात बघितलं, पुढून येणारी गाडी जाऊ दिली आणि ट्रॅक्टरला वळसा घालून पुढे निघाल्या.

मास्तर बराच वेळ पाय चोळत होते.

“माझा पाय उशिरा पडला,” शेवटी ते म्हणाले.

“तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे.”

“तसं नाही. तो बरा असता तरी उशिराच पडला असता. तू आधीच दाबला होतास.”

घाटमाथा आला. पुढे सरळ रस्ता लांबवर दिसत होता आणि इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत होतं. मास्तर समोर बघत होते.

“तिसरा टाक,” ते म्हणाले.

बाईंनी टाकला. क्षणभरही अडखळल्या नाहीत. इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांनी तो हजारदा टाकला होता.

दवाखान्याच्या दारात प्लास्टर बघून नर्सनं चाकांची खुर्ची पुढे आणली आणि पेशंट हेच का म्हणून विचारलं. पेशंट आत आहे, हे आजोबा आहेत, असा खुलासा झाल्यावर तिनं मास्तरांना विचारलं की अशा पायानं तुम्ही घाट उतरून आलात कसे.

“हिनं आणलं,” मास्तर म्हणाले. “मी नुसता बसलो होतो.”

बाईंनी ते ऐकलं, पण तेव्हा त्या लेकीच्या खोलीकडे धावत होत्या. ते वाक्य त्यांनी नंतर सावकाश आठवलं, आणि बऱ्याचदा आठवलं.

मुलगी झाली. चार दिवसांनी ती घरी आली तेव्हा मास्तरांनी शेगडीचा ताबा घेतलेला होता. खुर्ची शेगडीपुढे, पाय स्टुलावर, हातात चिमटा. जावयाचं ओलं लाकूड त्यांनी जावयाकडूनच बाहेर काढून घेतलं होतं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या खिडकीतून सूचना देत त्याच्याकडून मागच्या बाजूला थप्पी लावून घेतली होती. जावयानं भीतभीत विचारलं की हे पुढच्या हिवाळ्यात वापरता येईल ना. मास्तर दोन उन्हाळे म्हणाले. जावयानं बाईंकडे बघितलं आणि बाईंनी, आता यातून सुटका नाही, अशी मान हलवली.

मग मास्तरांनी सफरचंदाच्या लाकडाचे तीन तुकडे आत ठेवले. खाली दोन, वर एक, मधे हवेला वाट. बारीक ढलप्यांना काडी लावली. जाळ एकदम धरला, पिवळा आणि स्वच्छ, एकदाही न चुरचुरता. काच काळी झाली नाही. जावई बाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला की धुराड्यातून धूर निघताना दिसतच नाही, शेगडी पेटली आहे ना नक्की. तेवढ्यात लेकीनं शाल काढून ठेवली. मग बाईंनी दुसरा स्वेटर काढला, आणि मग पहिलाही. खोलीला सफरचंदाचा मंद वास येत होता. झोक्याच्या झाडाचं लाकूड जळत होतं आणि झोका घेणारीची लेक पाळण्यात हाताच्या मुठी उघडून झोपली होती.

“मग ही खरी थंडी म्हणायची का?” बाईंनी विचारलं.

मास्तरांनी चिमट्यानं उगीचच एक तुकडा सरकवला. त्याची गरज नव्हती.

“उद्या इथल्या ऑफिसात परीक्षा असते,” ते म्हणाले.

“दोन उन्हाळे झाले वाटतं माझे.”

“तुझे कधीच झाले होते. मी वाजवूनच बघितलं नाही.”

लेकीनं आईकडे बघितलं. बाई पाळण्यावरचं दुपटं सारखं करत होत्या, ते आधीच सारखं होतं. त्यांना वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण काहीतरी झणझणीत बोलू. बोलणं बरंच साठवूनही ठेवलं होतं. पण डोळे भरून आले आणि या वेळी धुरावर ढकलायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आवारात गाडी उभी होती. साहेब मूळचे मास्तरांच्याच गावचे, म्हणजे कोणाकडे शिकलेले ते सांगायला नकोच. ते गाडीत येऊन बसले. मास्तर कुबडी घेऊन खाली उतरले, आणि उतरायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग लंगडत लंगडत ते गाडीच्या पुढे आले. बाई काचेतून बघत होत्या. मास्तरांनी कुबडी काखेत दाबली, वाकले, बॉनेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केली आणि कान दिला.

“जा,” मास्तर म्हणाले.

बाईंनी गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडता पडता साहेब सवयीनं म्हणाले, “दमानं, बाई.”

बाईंनी हो म्हटलं. रस्ता मोकळा होता. आरशात मास्तर कुबडीवर रेलून अजून कान देऊन उभे होते. त्यांना ऐकू जावा म्हणून बाईंनी मुद्दाम वळणाच्या अलीकडेच तिसरा टाकला.